किंमत कामाची की माणसाची?

आमच्या गावाजवळच्या स्टेशनरोडवर एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या दर्शनी काचेवर ठळक अक्षरांत दरांची पाटी लावलेली आहे. पासपोर्ट आकाराच्या फोटोच्या आठ प्रती, इतके रुपये. लॅमिनेशन, इतके रुपये. जुन्या फोटोवरून नवा फोटो, इतके रुपये. पाटीच्या शेजारीच नवरानवरीचे एक मोठे, देखणे छायाचित्र आहे. त्याखाली मात्र चारच शब्द आहेत : ‘लग्नाच्या ऑर्डरसाठी आत भेटा’.

कित्येक वर्षे त्या काचेवरून आमची नजर फिरत आली. दुकान एकच, माणूस एकच, कॅमेराही एकच. मग एका कामाची किंमत दारावर आणि दुसऱ्या कामाची दाराआड, असे का? हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. गतवर्षी घरी मुलीचे लग्न निघाले तेव्हा तो पडला. आज विचारार्थ तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. छायाचित्रकाराने आपले दर उघडपणे लावावेत की नाहीत, एवढाच तो प्रश्न. दिसायला लहान, परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास बरेच काही हाती लागते.

प्रथम आमची हकिकत सांगतो. आम्ही व आमच्या सौभाग्यवती एका स्टुडिओत गेलो. गोड बोलणाऱ्या मालकाने थंड पाणी दिले, अल्बम पुढे ठेवले. आम्ही दर विचारला, तेव्हा त्याने उलट आम्हांलाच विचारले, ‘‘मुलगा काय करतो, अंकल?’’ जावईबापू जहाजावर इंजिनिअर आहेत, हे आम्ही काहीशा अभिमानानेच सांगितले. ‘‘हॉल कोणता घेतलात? जेवण कोणाचे? घरात गल्फला कोणी?’’ आम्ही उत्तरे देत गेलो. ही आपुलकीची चौकशी आहे, असेच आम्हांला वाटत होते. अखेरीस त्याने कॅल्क्युलेटरवर बोटे चालवली आणि म्हणाला, ‘‘आदल्या दिवसाचे उंबराचे पाणी, चर्चमधला विधी आणि रात्रीचे रिसेप्शन, अल्बमसह ७० हजार.’’

आम्ही म्हणालो, ‘‘पलीकडचा तर ५५ मध्ये करतो म्हणाला.’’ वस्तुतः पलीकडच्याकडे आम्ही गेलोच नव्हतो. त्याने कपाळाला हात लावला, ‘‘मला परवडत नाही, पण तुमच्यासाठी म्हणून,’’ असे म्हणत ६० वर आला. आम्ही ५ हजार विसार दिला आणि बाजी मारल्याच्या समाधानात घरी आलो.

पुढे महिनाभराने आमच्या आळीतील एका रिक्षाचालक गृहस्थांशी बोलताना कळले की, त्यांच्या मुलीच्या लग्नाचे तेवढेच काम, तेवढाच अल्बम, त्याच स्टुडिओने ४५ हजारांत केले होते. दोन दिवस आम्ही संतापलेले होतो. तिसऱ्या दिवशी आमचेच वाक्य आम्हांला आठवले आणि संताप ओसरला. त्या टेबलाच्या एका बाजूला खोटे होते, तसे दुसऱ्या बाजूलाही होते. ‘परवडत नाही’ हे त्याचे, ‘पलीकडचा ५५ मध्ये करतो’ हे आमचे. आम्ही दोघेही रविवारी मिस्साला जाणारी माणसे. किंमत लपलेली होती म्हणून खोटे बोलण्यास जागा झाली, आणि जागा झाल्यावर ती आम्ही दोघांनीही वापरली.

तथापि, एका अनुभवावरून धंद्याचा न्याय करणे बरे नव्हे. म्हणून आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण छायाचित्रकाराला आम्ही घरी बोलावले आणि त्याची बाजू ऐकून घेतली. ती ऐकण्यासारखी होती.

तो म्हणाला, ‘‘अंकल, रोलच्या काळात हिशोब सोपा होता. एका रोलमध्ये ३६ फोटो. किती रोल लागले, किती कॉप्या काढल्या, यावर बिल. गिऱ्हाइकालाही ते मोजता येत असे. आता रोल गेला. एका लग्नात मी तीन हजार वेळा बटण दाबतो. त्यांतले पाचशे निवडायला मला तीन रात्री लागतात. मग रंग, उजेड, अल्बमची मांडणी. कार्यक्रम दोन दिवसांचा, माझे काम तीन आठवड्यांचे. कॅमेरा, लेन्स, सोबतचे दोन मदतनीस, सगळे फोटो दोन ठिकाणी साठवून ठेवायच्या हार्ड डिस्क, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. पाटीवर मी नुसता आकडा लिहिला तर लोक आकडाच वाचतील, काम वाचणार नाहीत. समोरचा नवखा पोरगा दोन हजार कमी लिहील आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. आणि प्रत्येक लग्न वेगळे. पन्नास माणसांचे आणि हजार माणसांचे सारखे कसे?’’

या युक्तिवादात तथ्य आहे. कलेचे काम साबणाच्या वडीसारखे नसते. साबणाच्या वडीवर छापील किंमत असते. १९९० पासून आपल्या देशात वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल विक्री किंमत छापणे आवश्यक झाले. परंतु वडी दुकानात येते ती तयार होऊनच. छायाचित्रकाराचे काम ऑर्डर दिली जाते त्या दिवशी अस्तित्वातच नसते. न झालेल्या कामाची किंमत आधी कशी लिहावी, हा त्याचा प्रश्न खराच आहे.

परंतु याच युक्तिवादाचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे. रुग्णाच्या शरीराइतके वेगळेपण कोणत्या लग्नात असते? तरीही महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी खासगी रुग्णालयांना मूलभूत सेवांचे दर दर्शनी भागी लावण्यास सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही वस्तूंच्या बरोबरीने सेवांची किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाच्या हक्कांत गणला आहे. काम वेगवेगळे असते म्हणून अंतिम बिल आधी सांगता येत नाही, हे मान्य. परंतु बिल कोणत्या मापाने होणार, हे आधी का सांगता येऊ नये? शिंपी कापड पाहण्यापूर्वी शिलाईचा दर सांगतोच ना?

आकडा वाचून लोक काम वाचणार नाहीत, ही भीतीही तपासून पाहू. छायाचित्रणाच्या इतिहासात ती नवी नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली, तेव्हा स्वतःची छबी काढून घेणे ही सधनांची चैन होती. १८५४ मध्ये दिस्देरी नामक फ्रेंच छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान छबी टिपण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. छबी स्वस्त झाली आणि दुकानदार, कारकून यांच्या घरांतही ती पोहोचली. आपल्याकडे मुंबईची फोटोग्राफिक सोसायटीही त्याच १८५४ सालची, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. स्वस्त छबी आली म्हणून उत्तम छायाचित्रकार संपले नाहीत. ज्याला फरक दिसतो तो जास्त पैसे देतो. ज्याला दिसत नाही त्याला तो समजावून सांगणे हेही कारागिराचेच काम आहे. किंमत लपवल्याने ते काम टळते, होत नाही.

एकच ठाम किंमत सांगण्याची रीत दुकानदारीत आली कशी, हे पाहणे येथे उद्बोधक ठरेल. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी घासाघीस करण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे साधे होते : जी किंमत घेण्याची आपली तयारी आहे त्याहून अधिक मागणे म्हणजे खोटे बोलणे. सुरुवातीस लोकांना ते चमत्कारिक वाटले. पुढे १८५२ पासून पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या दुकानात आरिस्तीद बुसिको यांनी प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिण्याची प्रथा रुजवली, ती व्यापाराच्या सोयीसाठी. एकाने सत्यासाठी केले, दुसऱ्याने नफ्यासाठी. वाट एकच निघाली. मूल पाठवले काय, म्हातारी पाठवली काय, सर्वांना एकच भाव, ही गोष्ट आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे कोणाच्या तरी सदसद्विवेकबुद्धीची टोचणी होती, हे आपण विसरून गेलो आहोत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्टुडिओच्या मालकाने आम्हांला जे प्रश्न विचारले त्यांत कामाविषयीचा प्रश्न एकही नव्हता. किती तास, किती माणसे, किती पानांचा अल्बम, हे त्याने विचारले नाही. जावई काय करतो, हॉल कोणता, गल्फला कोण, हे विचारले. म्हणजे तो आपल्या कामाचे माप घेतच नव्हता. तो आमचे माप घेत होता. ७० आणि ४५ यांतला फरक दोन कामांतला फरक नव्हता, दोन माणसांतला होता. किंमत झाकलेली असली की मूल्यमापन कामावरून सरकून माणसावर येते. आमच्या मते सारा दोष येथे आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील अन्यायाचा विचार केला आहे. त्यांतला एक विवेक आजच्या छायाचित्रकारालाही लागू पडावा इतका नेमका आहे. वस्तू देताना विकणाऱ्याचे स्वतःचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याने ते किमतीत धरावे. त्यात अन्याय नाही. परंतु घेणाऱ्याला ती वस्तू फार हवी आहे, एवढ्याच कारणाने किंमत चढवू नये. कारण ती निकड विकणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची आहे; आणि जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही.

हा विवेक आमच्या व्यवहाराला लावून पाहू. आपल्याकडे आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्ने सहसा होत नाहीत. नाताळनंतरचे काही आठवडे आणि ईस्टर ते पावसाळा, एवढ्यात बहुतेक लग्ने उरकायची. या थोड्या दिवसांवर छायाचित्रकाराच्या वर्षाचे पोट. एका शनिवारचे काम स्वीकारले म्हणजे त्याच शनिवारची दुसरी दोन कामे गेली. त्याने हंगामातील तारखेला अधिक दर लावला, तर ते त्याचे स्वतःचे नुकसान आहे. ते त्याने जरूर भरून घ्यावे आणि तसे पाटीवर लिहावे. परंतु एकुलत्या एका मुलीच्या लग्नात बापाचे मन हळवे झालेले असते, ‘आयुष्यात एकदाच’ हे वाक्य ऐकले की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. हा हळवेपणा छायाचित्रकाराच्या मालकीचा नाही. तो त्याने विकू नये. पासपोर्ट फोटोचा दर दारावर आणि लग्नाचा दाराआड का, याचे उत्तरही यातच आहे. पासपोर्टच्या फोटोविषयी कोणी हळवे होत नाही.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतला. आमच्या लहानपणी गावात एक डॉक्टर होते. बागायतदाराकडून ते पूर्ण फी घेत, वाडीवरच्या मजुराकडून कधी अर्धी, कधी काहीच नाही. तेही माणूस पाहूनच फी लावीत. मग ते अन्यायी होते काय? गावाने तर त्यांच्या अंत्ययात्रेला बाजार बंद ठेवला. या आक्षेपाने आमचा विचार बराच काळ अडवून धरला. माणूस पाहून किंमत ठरवणे हाच दोष असेल, तर दया हाही दोषच ठरेल.

पुष्कळ विचारांती आम्हांला जे उमगले ते असे. त्या डॉक्टरांची फी गावाला ठाऊक होती. ठाऊक होती म्हणूनच तीतून किती सोडले हेही कळत होते. मजुराला कळे की आपल्यावर उपकार झाला. बागायतदाराला कळे की आपण पूर्ण फी देतो म्हणून शेजारच्या झोपडीत औषध पोहोचते, आणि त्याची त्याला खंत नसे. म्हणजे भेद होता, पण तो भेद ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगता येत होता. आमच्या स्टुडिओ मालकाला ‘‘तुमचा जावई जहाजावर आहे म्हणून १५ हजार जास्त’’ असे आम्हांला तोंडावर सांगता आले असते काय? आणि रिक्षाचालक गृहस्थांना तरी काय कळले? त्यांना ४५ हजार हीच किंमत वाटली. त्यांना सवलत मिळाली की आम्ही लुबाडले गेलो, हे आज आम्हांलाही सांगता येत नाही, त्यांनाही नाही. सवलत द्यायची तर आधी दर जाहीर असावा लागतो. जेथे दरच ठाऊक नाही तेथे दया आणि लबाडी यांचा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून ज्या छायाचित्रकाराला गरिबाचे काम कमी पैशांत करायचे आहे, त्याने तर सर्वांआधी पाटी लावावी. नाहीतर त्याचे औदार्य कोणाच्या लक्षातच येणार नाही, आणि त्याची लबाडी शेजारच्याच्या औदार्यामागे लपेल.

आणि ज्यांना सवलत हवी असते ते आत येतातच, असेही नाही. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाड्यांत फुले खुडण्याचे, पाणी सोडण्याचे काम केले. मुलाच्या लग्नाच्या वेळी ते दोनदा एका स्टुडिओच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत आले. आम्ही विचारले, ‘‘आत जाऊन विचारायचे तरी!’’ ते म्हणाले, ‘‘विचारलं असतं हो. पण आत गेलो आणि परवडलं नाही, तर बाहेर कसं यायचं?’’ लग्नाचे फोटो भाच्याने मोबाईलवर काढले. तो मोबाईल पुढे पावसाळ्यात पाण्यात पडला. मुलाच्या लग्नाची नीट अशी दोन छायाचित्रे आज त्यांच्या घरी आहेत. एकात ते स्वतः नाहीत.

कदाचित त्यांना परवडले असते. एका कॅमेऱ्याचे, केवळ चर्चमधल्या दोन तासांचे काम किती रुपयांत होते, हे काचेवर लिहिलेले असते, तर त्यांनी बाहेर उभे राहूनच मनाशी हिशोब केला असता आणि ताठ मानेने आत गेले असते. आमच्यासारखी बोलघेवडी माणसे घासाघीस करतात. संकोची माणसे मागच्या मागे निघून जातात. न लिहिलेल्या किमतीचा भार सर्वांत जास्त अशा माणसांवर पडतो, आणि ते तक्रारही करीत नाहीत. आता पुष्कळ छायाचित्रकारांची संकेतस्थळे झाली आहेत. तेथेही चित्रे शेकडो, किंमत मात्र ‘संपर्क साधा’. दार काचेचे होते ते पडद्याचे झाले, एवढेच. बाहेरून परतणारा माणूस आता तर कोणाला दिसतही नाही.

मग पाटीवर लिहावे तरी काय? आमच्या तरुण मित्राशी बोलता बोलता जे निघाले ते असे. सर्वांत लहान काम कोणते आणि त्याचा दर काय. त्यात किती तास, किती कॅमेरे, किती निवडलेली छायाचित्रे. वाढीव तासाचे किती, अल्बमच्या प्रत्येक वाढीव पानाचे किती, ड्रोन हवा असल्यास किती, हंगामातील तारखेला किती अधिक. अल्बम किती आठवड्यांत मिळेल. एवढे लिहिले की नवखा पोरगा दोन हजार कमी लिहो. त्याच्या पाटीवर काय कमी आहे तेही वाचणाऱ्याला दिसेल. आकड्याशेजारी काम लिहिलेले असले म्हणजे लोक काम वाचतात.

ग्राहकाचेही कर्तव्य आहे, आणि ते आम्ही आधी स्वतःला सांगतो. दर लिहिलेला असेल तर त्याचा मान ठेवावा. न मिळालेला भाव मिळाल्याचे सांगू नये. ‘‘आपल्याच धर्मग्रामातला आहेस, तुला कसले पैसे?’’ असे म्हणून कोणाच्या तीन आठवड्यांच्या श्रमाला आशीर्वादात मोजू नये. आमचा तरुण मित्र म्हणाला की, त्याच्या कपाटात चार अल्बम तयार होऊन पडले आहेत. बाकी द्यावी लागेल म्हणून कोणी नेण्यास येत नाही. त्यांतल्या एका जोडप्याचे मूल आता शाळेत जाते. दाक्षिण्यापोटी तो बाकी मागत नाही. उघड दर हे जसे ग्राहकाचे संरक्षण, तसे त्याचेही आहे. आपल्या वसईची फुले वर्षानुवर्षे दादरच्या बाजारात जात आली. तेथे त्यांचा भाव ती पिकवणाऱ्याने कधी ठरवला नाही, दुसऱ्याने ठरवला. ज्या कारागिराला आपल्या श्रमाची किंमत स्वतः लिहिण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याने ते दबकत का वापरावे?

परवा त्या तरुणाच्या दुकानावरून जाणे झाले. त्याने दरांचा कागद तयार केला आहे, पण तूर्त तो आतल्या भिंतीवर लावला आहे. ‘‘बाहेर कधी?’’ असे आम्ही विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘‘एवढा हंगाम जाऊ द्या, अंकल.’’ त्याची भीती आम्ही समजू शकतो. पण दारातून परत फिरणाऱ्या माणसाला आतली भिंत दिसत नाही, हे आम्ही त्याला सांगून आलो.

आमच्या मुलीचा अल्बम मात्र सुरेख झाला आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्या माणसाचा हात चांगला आहे. आम्ही बाकी वेळेवर चुकती केली. ‘पलीकडचा’ काय म्हणाला होता, ते मात्र त्याला अजून सांगितलेले नाही. पुढच्या वेळी स्टेशनवर भेटला की सांगावे, असे रोज मनात येते.